आधी पांढरे, मग राखाडी

परत आलेली कॅसेट भाई कधी तशीच फळीवर ठेवत नसत. कडेचं बटण दाबून तिचं झाकण उचलायचं, आतली पट्टी डोळ्यांजवळ नेऊन बघायची, करंगळी चाकात अडकवून दोन वेढे आवळायचे आणि म्हणायचं, "सैल पडली होती." पट्टी सैल असो वा नसो, हे वाक्य ठरलेलं. दुबईतल्या अल मनखूल भागातली निम्मी मराठी कुटुंबं या तपासणीतून गेलेली आहेत आणि आपलं काहीतरी चुकलं असणार अशा चेहऱ्यानं दुकानाबाहेर पडलेली आहेत. तुमच्याही ओळखीत असा एखादा दुकानदार असेल, ज्याच्याकडे गिऱ्हाइकानंच जरा दबून वागायचं असतं.

भाईंची व्हिडिओ लायब्ररी आमच्या इमारतीच्या खालीच होती. एका बाजूला मलबारी किराणावाला, दुसऱ्या बाजूला शिंपी आणि मधे हे. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. उंच, काटकुळे, खिशात पेन आणि चिकटपट्टीचं वेटोळं. बोलणं खाडीकडच्या मराठीत सुरू व्हायचं, हिंदीत जायचं आणि 'खलास' म्हणून थांबायचं. त्यांचं खरं नाव पाटीवर अरबी आणि इंग्रजीत होतं, पण ते कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. सगळे त्यांना भाई म्हणत आणि ते सगळ्या बायकांना वहिनी म्हणत.

मी तिथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल होते. भाईंकडे जायचे ती मराठी नाटकांच्या कॅसेटी आणायला. "तीन दिरहम, म्हणजे पंचवीस रुपये झाले की," असं पहिल्या वर्षी मी दर वेळी मोठ्यानं म्हणायची, आणि दर वेळी भाई म्हणायचे, "वहिनी, पंचवीस रुपयांत तुमाला तिकडे खुर्ची पण मिळणार नाय."

माझा एक स्वभावदोष आधीच सांगून टाकते. ज्या वस्तूवर नंबर नाही ती वस्तू मला स्वस्थ बसू देत नाही. भाईंच्या दुकानात एकूण एक कॅसेटवर नंबर होता. फक्त माळ्यावरच्या फळीवर एक मोठं खोकं होतं, त्यात तीसेक कॅसेटी होत्या आणि एकीवरही काही नव्हतं. नंबर नाही, नाव नाही, नुसती काळी पाठ. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा भाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली ती हजच्या दिवसांत. शेजारचा शिंपी हजला निघाला होता. जायच्या आदल्या दिवशी तो रस्त्यातल्या प्रत्येक दुकानात जाऊन उभा राहिला आणि "बोलण्याचालण्यात काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा," असं म्हणून आला. हजला जाणाऱ्यानं आधी सगळ्यांची देणीघेणी मिटवायची, कोणी विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू परत करायची, ज्याचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागायची, अशी त्यांच्यातली रीत. माझ्याकडेही तो आला. माझी एक सलवार त्यानं आखूड शिवली होती, ती मी त्या दिवशी मनापासून माफ केली.

तो गेल्यावर मी सहज म्हटलं, "भाई, तुम्ही कधी? इथून तर जवळ आहे. लोक बसनं जाऊन येतात."

भाईंनी माळ्यावरच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"ते जोवर इथे आहे तोवर मी नाय जाऊ शकत," ते म्हणाले.

मला काही कळेना. कॅसेटींच्या खोक्याचा आणि हजचा संबंध काय? मग त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि सगळं सांगितलं.

कुवेतवर इराकनं हल्ला केला त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मागच्या गल्लीतल्या व्हिलात एक अमेरिकन साहेब राहायचा, तेल कंपनीतला. भाईंचं जुनं गिऱ्हाईक. त्याला घाईघाईनं देश सोडायचा होता. टॅक्सी दारात उभी ठेवून तो हे खोकं घेऊन आला. त्याच्या गावच्या बेसबॉलच्या टीमचे हे सामने. पैसे घेऊन खेळणाऱ्या पक्क्या लोकांची ती टीम, साहेबाच्या आज्यापासून घरात तिचं वेड. तिकडे राहिलेला भाऊ टीव्हीवरून सामने उतरवून घेऊन वर्षानुवर्षं त्याला पाठवत होता. अमेरिकेतली कॅसेट आपल्याकडच्या साध्या मशीनवर नीट लागत नाही, त्यामुळे तिची इथे चालणारी प्रत काढावी लागे. साहेब म्हणाला, "पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं, प्रती काढून ठेव. दोन महिन्यांत येतो." भाईंनी शब्द दिला.

"आणि मग मी काय केलं, ठाऊक आहे?" भाई म्हणाले.

दुकानात कोणतीही कॅसेट आली की तिच्यावरचं मूळ लेबल लायटरच्या पेट्रोलात भिजवलेल्या फडक्यानं पुसून काढायचं आणि तिथे दुकानाचा नंबर चिकटवायचा, ही भाईंची कामाची पद्धत. त्या दुपारी त्यांचा मावसभाऊ कुवेतमध्ये अडकलेला होता. रेडिओ लावलेला होता. भाई कान रेडिओला देऊन बसले होते आणि हात आपले काम करत होते. शेवटच्या कॅसेटचं ओलं लेबलही सुटून हातात आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की त्यावर बारीक सुंदर अक्षरात काहीतरी लिहिलेलं आहे. तारीख, सामना, वर्ष. तोपर्यंत बाकीची सगळी लेबलं टोपलीत गोळा होऊन पडली होती, पेट्रोलनं शाई पसरलेली.

"अमानत होती ती," भाई म्हणाले. "कोणी सांभाळायला दिलेली वस्तू. हरवली असती तर चोराला शिव्या घातल्या असत्या. मी माझ्या हातानं खराब केली. आता सायब येईपर्यंत ती परत क्रमात लावायची, त्याच्या हातात द्यायची, आणि लेबलं मी काढली हे त्याला तोंडावर सांगायचं. मग हज."

मी त्यांना समजावलं. अहो, साहेब येईल तेव्हा येईल, तुम्ही कोणाला तरी सांगून ठेवा आणि जाऊन या. भाई म्हणाले, "मौलवीसाहेब पण तेच म्हणतात." मग जरा थांबून म्हणाले, "पण मला पटत नाय."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसापुढे ग्रंथपालानं काय करावं? मी म्हटलं, "चला, लावू क्रम."

शुक्रवारी दुपारची नमाज झाली की दुकान चारपर्यंत बंद असे. त्या वेळात आम्ही बसायला लागलो. भाई, मी आणि माझे यजमान. यजमान आले ते क्रिकेटतज्ज्ञ म्हणून. शारजातला एकही सामना त्यांनी चुकवलेला नव्हता आणि खेळ कोणताही असो, आपल्याला अर्ध्या तासात समजेल अशी त्यांची खात्री होती. आमची मुलगी तेव्हा लहान होती, ती कोपऱ्यात चित्रं रंगवायची.

अर्ध्या तासात काहीही समजलं नाही. पळणारा माणूस मधेच थांबायचा. चेंडू लागला नाही तरी लोक ओरडायचे आणि लागला तरी फलंदाज मान खाली घालून आत जायचा. समालोचन इंग्रजीत होतं, शब्द न् शब्द कळत होता, आणि अर्थ एकाचाही लागत नव्हता. वर्ष तर कोणी बोलतच नव्हतं. आपल्याला चालू असलेलं साल कशाला कोण सांगेल?

खेळाडूंची नावं आम्हीच पाडली. एक मिशीवाला. एक लांब केसांचा. एक जाड्या, त्याच्या गालात सदा काहीतरी कोंबलेलं असायचं.

"पान आहे तोंडात," भाई म्हणाले.

"अमेरिकेत पान कुठलं, भाई?"

"आपला कोणीतरी असेल. आपली माणसं कुठे नाय पोचली?"

त्या दिवसापासून तो जाड्या भाईंच्या लेखी रत्नागिरीचा झाला.

तीनचार शुक्रवार असे वाया गेल्यावर यजमानांना तोड सापडली. काही कॅसेटींत टीमचे कपडे पांढरे होते आणि काहींत राखाडी. पांढऱ्यांच्या छातीवर टीमचं टोपणनाव होतं, राखाडींच्या छातीवर गावाचं नाव. टीमचं नाव मी इथे लिहीत नाही. अमेरिकेत आमचे नातेवाईक आहेत आणि त्यांना हसायला आणखी एक कारण द्यायची माझी इच्छा नाही.

"सोपं आहे हो," यजमान म्हणाले. "शारजात काय झालं? आधी पांढरे कपडे होते, मग रंगीत आले. खेळात पैसा आला की कपड्यात रंग येतो. पांढऱ्या कॅसेटी आधीच्या, राखाडी नंतरच्या."

"राखाडी हा काय रंग झाला?" भाई म्हणाले.

"त्यांच्याकडे असेल."

आम्हाला पटलं. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला दुसरं काय पटणार? खोक्याचे दोन ढीग झाले आणि त्यांतून त्या टीमचा इतिहास आकार घेऊ लागला.

तो इतिहास असा. पूर्वी ही टीम गावाची लाडकी होती. तिला गावानं प्रेमानं टोपणनाव दिलं होतं आणि तेच ती पांढऱ्या कपड्यांवर मिरवायची. तेव्हा ती आली की लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. मग कधीतरी मालकानं टीम विकली असावी. नव्या मालकानं टोपणनाव काढून घेतलं, राखाडी कपडे दिले, आणि लोकांचं मन उडालं. राखाडी कॅसेटींत टीम मैदानात आली की अख्खं मैदान हुर्यो उडवायचं. आपल्याच माणसांची. भाईंना ते बघवत नसे.

"काय केलंय हो यांनी?" ते विचारायचे. "खेळतायत तर बिचारे. लोक एवढे का ओरडतात?"

"पब्लिक अशीच असते," यजमान म्हणायचे.

इतिहासात काही खड्डे होते. पांढऱ्या काळात मिशीवाल्याचे केस पांढरे झालेले दिसले होते, आणि राखाडी काळाच्या पहिल्याच सामन्यात तो मिशी न फुटलेला कोवळा पोर म्हणून हजर. "मुलगा असेल त्याचा," असा निकाल यजमानांनी दिला. एका पांढऱ्या कॅसेटमध्ये लांब केसवाल्याचा निरोपसमारंभ होता. बायकोमुलांसह तो मैदानाच्या मधोमध उभा, हातात फुलं, डोळ्यांना रुमाल. पुढे राखाडीत तोच माणूस मजेत खेळताना सापडला. मी म्हटलं, इथे काहीतरी चुकतंय.

भाई म्हणाले, "यात काय चुकलं? आपल्याकडे नाय होत? माणूस 'फायनल' म्हणून सगळं विकून, पार्टी करून देशी जातो आणि सहा महिन्यांत परत व्हिसा काढून येतो. त्याचं पण तिकडे भागलं नसेल."

आम्हा तिघांनाही अशी माणसं ठाऊक होती.

असा तो क्रम लागला. भाईंनी प्रती काढल्या, नंबर चिकटवले, खोकं नव्या दोरीनं बांधलं आणि पुन्हा माळ्यावर ठेवलं. आता फक्त साहेब यायचा होता. एक वर्ष गेलं, दोन गेली. साहेब आला नाही. भाई एकदा अमेरिकेच्या वकिलातीतही जाऊन आले, तिथल्यांनी गोड बोलून कोणाचा पत्ता देता येत नाही म्हणून सांगितलं. दर वर्षी हजच्या दिवसांत कोणी ना कोणी दुकानात येऊन माफी मागून जायचं. भाई त्यांना मिठी मारायचे, आपल्यासाठी दुवा मागायला सांगायचे, आणि ती माणसं गेली की उगाच फळ्या पुसत राहायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. इतक्या जवळ राहून एखाद्यानं असं अडून का बसावं, हे मला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही.

मधल्या काळात दुकानाची रया गेली. घरोघरी डिश आल्या, मग सीडीच्या चकत्या आल्या. भाईंचं पोट आता बारशी, साखरपुडे आणि वाढदिवसांच्या शूटिंगवर चालत होतं. त्यासाठी त्यांनी एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता.

आमची मुलगी एव्हाना आठवीत गेली होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. एका शुक्रवारी ती मला बोलवायला खाली दुकानात आली. भाई एक राखाडी सामना लावून बसले होते. तिच्या वर्गात अमेरिकेहून आलेली एक मैत्रीण होती, तिच्याबरोबर ही शाळेत असलाच काही खेळ खेळायची. तिनं पडद्याकडे बघितलं.

"ओह, दे आर प्लेइंग अवे," ती म्हणाली.

"कुठे अवे?" मी विचारलं.

"ममा, व्हाइट इज होम. ग्रे इज अवे. घरच्या ग्राउंडवर व्हाइट. एव्हरीबडी नोज दॅट. सेम वीकमध्ये दोन्ही घालतात."

एवढं बोलून ती किराण्याच्या दुकानात चॉकलेट आणायला गेली.

भाईंनी कॅसेट थांबवली. मालक नाही, विक्री नाही, मिशीवाल्याला मुलगा नाही. आमचा सगळा इतिहास एका वाक्यात खलास. मला वाटलं, भाई आता डोक्याला हात लावतील.

पण ते हळूच म्हणाले, "म्हणजे लोक त्यांना वाईट नव्हते म्हणत."

"नाही हो. ते समोरच्या टीमचे लोक होते."

"घरी टोपणनाव, आणि परगावी गेलं की छातीवर गावाचं नाव," भाई म्हणाले. "बरोबर आहे की. घरच्यांना गाव कशाला सांगायला पाहिजे?"

ते इतके खूश झाले, की सगळा क्रम पुन्हा लावायचा आहे हे त्यांच्या ध्यानात यायला अर्धा तास लागला.

या वेळी काम मुलीकडे गेलं. घरात इंटरनेट आलं होतं. समोरची टीम आणि गुणफलक सांगितला की ती सामन्याची तारीख शोधून द्यायची. उन्हाळ्याच्या सुटीत कॅसेटी लागल्या एकदाच्या, खऱ्या क्रमानं. पांढरी, राखाडी, राखाडी, पांढरी. मिशीवाला हळूहळू म्हातारा झाला. लांब केसवाला एकदाच गेला आणि परत आला नाही. त्याचं भाईंना फार वाईट वाटलं.

आणि मुलीनंच, आम्हाला न विचारता, त्या टीमच्या चाहत्यांच्या एका पानावर साहेबाचं नाव घालून लिहिलं, की दुबईत एक माणूस यांच्या कॅसेटी घेऊन थांबला आहे. आठवड्याभरात उत्तर आलं. साहेबाच्या मुलीचं. वडील काही वर्षांपूर्वी वारले. आई आहे. कॅसेटींबद्दल ते कधी काही बोलले नव्हते, पण कोणी इतकी वर्षं त्या ठेवल्या याचं आश्चर्य वाटतं, जमलं तर पाठवा.

मी ते उत्तर कागदावर उतरवून खाली घेऊन गेले. भाईंनी ऐकून घेतलं. मान खाली घालून त्यांच्या रीतीप्रमाणे गेलेल्यासाठी काही पुटपुटले. मग बराच वेळ हातातली रिकामी कॅसेट उघडमीट करत राहिले.

"आता माफी कोणाची मागू, वहिनी?" ते म्हणाले. "ज्याची मागायची तो गेला."

एवढी वर्षं मी त्या खोक्याची मनातल्या मनात थट्टा करत आले होते. त्या क्षणी मला फक्त भीती वाटली, की हा माणूस आता कधीच जाणार नाही.

मौलवीसाहेबांनी सांगितलं, की माणूस गेला तर अमानत वारसांची, माफीही वारसांकडे मागावी. मी म्हटलं, मी इंग्रजीत चांगलं पत्र लिहून देते. भाईंनी नाही अशी मान हलवली.

"लिहिलेलं कोण पण लिहून देतो. माणसाचं तोंड दिसलं पाहिजे."

म्हणून त्यांनी स्वतःची कॅसेट काढायची ठरवली. लोकांच्या बारशांना वापरायचा तो कॅमेरा तिवईवर लावला आणि मला मागे उभं केलं. तोवर दुकान बंद करायचं ठरलं होतं, फळ्या अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या. भाई इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"मॅडम," त्यांनी सुरुवात केली, "आय अ‍ॅम व्हिडिओ शॉप. युवर हजबंड, गुड मॅन." तिथे इंग्रजी संपलं. हिंदीत दोन वाक्यं झाली. मग त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सरळ आपल्या खाडीकडच्या बोलीत सांगायला लागले. ती दुपार, तो रेडिओ, मावसभाऊ, पेट्रोलचं फडकं. पांढरे आणि राखाडी कपडेही सांगितले. "तुमच्या दिराचं अक्षर लय सुंदर होतं, ते मी पुसलं. मला माफ करा." बोलणं संपल्यावर हात जोडून ते तसेच उभे राहिले. बंद करा म्हणून मला सांगायचं त्यांना सुचलं नाही आणि बंद करायचं मलाही सुचलं नाही. बारशाच्या शूटिंगमध्ये असं कोणी उभं राहिलं असतं तर भाईंनीच त्याला "यल्ला, हला जरा," म्हणून ओरडून सांगितलं असतं.

मूळ कॅसेटी, सगळ्या प्रती आणि ही एक, असं खोकं कुरिअरनं गेलं. आमच्या मुलीनं सोबत इंग्रजीत मेल केली, भाई काय बोलले आहेत ते सांगणारी. पुढच्या महिन्यात भाई गावी गेले. फायनल. निरोपाला रस्त्यातली सगळी दुकानं बाहेर आली होती. भाई गाडीत बसताना मला म्हणाले, "उत्तर आलं की कळवा हं." गावातल्या शेजाऱ्याचा फोन नंबर त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवला.

उत्तर यायला तीन महिने लागले. ते मी आजही पाठ म्हणू शकते, मराठीतच, कारण भाईंना फोनवर मी ते मराठीतच सांगितलं. साहेबाच्या मुलीनं लिहिलं होतं: कॅसेटी पोचल्या. आईनं तुमच्या मित्राची कॅसेट दोनदा पाहिली. लेबलं काढली, एवढ्याशा गोष्टीची माफी कशाला, हे तिला खरं सांगायचं तर नीट समजलं नाही. पण ती म्हणते, त्यांना कळवा, माफ केलं.

फोनवर मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"परत एकदा सांगा," भाई म्हणाले. मी परत एकदा सांगितलं.

इतकी वर्षं मक्केच्या शेजारी राहून न गेलेला माणूस, पुढच्या हजला कोकणातून निघाला. जायच्या आधी त्यांचा फोन आला.

"वहिनी, निघतोय. इतक्या वर्षांत काय वेडंवाकडं बोललो असेन, तर माफ करा."

मी म्हटलं, "अहो भाई, काय माफ करायचं? तुम्ही तर—"

"नाय, तोंडानं म्हणायला लागतं."

"माफ केलं, भाई," मी म्हणाले. मग त्यांनी यजमानांना मागितलं. यजमानांनी माफ केलं आणि शारजाच्या कपड्यांबद्दल उलट त्यांचीच माफी मागितली. मग मुलीला मागितलं. "इट्स ओके, अंकल," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी आलं, तशी ती आमच्याकडे बघत, अडखळत म्हणाली, "माफ केलं."

फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "बट फॉर व्हॉट?"

नंतर त्यांच्याशी बोलणं झालं नाही. भाई दुबईला परत आले नाहीत, आणि त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. त्या फोननंतर दोन दिवसांनी मी खाली किराण्याच्या दुकानात गेले होते. मलबारी पैसे मोजता मोजता थांबला.

"मॅडम, भाई का फोन आया था," तो म्हणाला. "बोला, कुछ गलती हुआ तो माफ करो. मैं बोला, माफ किया. लेकिन हुआ क्या था?"

मी पिशवी खाली ठेवली आणि सांगायला लागले, की एक अमेरिकन साहेब होता आणि त्याची एक टीम होती. माझ्या मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही ऐकायला पुढे सरकली. त्यांनाही फोन आला होता.